फोड, पापुद्रा आणि खोडवा

एखाद्याला अतिशय मायेने सांभाळण्याला मराठीत 'तळहातावरील फोडाप्रमाणे जपणे' असे म्हणतात. पदवीच्या वर्गात लक्षणा शिकवताना हे उदाहरण हमखास येते, कारण त्यात मुख्यार्थाचा बाध चटकन दाखवता येतो. मूल म्हणजे काही फोड नव्हे. परंतु या वाक्प्रचाराच्या पोटात एक विसंगती आहे. फोड हा शरीरावरचा उपद्रव असतो. त्याला कोणी प्रेमाने जपत नाही. तो फुटला तर काय होईल, या भयाने जपतो. शिवाय तळहात हीच कामाची जागा. तिथे फोड आला की माणूस काही धरू शकत नाही, उचलू शकत नाही. म्हणजे ज्या शब्दांनी आपण मायेची परिसीमा सांगतो, त्यांत वेदना, भय आणि अडलेले हात हे सगळे आधीपासून आहे.

२०१७ साली माझ्या आईला जो आजार झाला त्याने या वाक्प्रचारातली लक्षणा काढून घेतली आणि वाच्यार्थ तेवढा समोर ठेवला. आजाराचे नाव पेम्फिगस व्हल्गॅरिस. त्वचेवर फोड आणणाऱ्या ज्या स्वप्रतिकारजन्य व्याधी आहेत, त्यांच्यातला हा एक. 'पेम्फिक्स' या ग्रीक शब्दाचा अर्थ बुडबुडा किंवा फोड, आणि 'व्हल्गॅरिस' म्हणजे लॅटिनमध्ये सामान्य, नेहमीचा. 'नेहमीचा फोड' असे नाव धारण करणारा हा आजार मुळीच नेहमीचा नाही. तरी या कुळातल्या आजारांपैकी भारतात तोच जास्त दिसतो आणि तोही पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने लहान वयात. युरोपात मात्र त्याचा भाऊबंद, बुलस पेम्फिगॉइड, अधिक आढळतो. आई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती.

सुरुवात तोंडापासून झाली. त्या पावसाळ्यात तिच्या गालाच्या आतल्या बाजूला आणि टाळूवर सालपट निघाल्यासारख्या जागा दिसू लागल्या. गावाकडे अशा वेळी जे होते ते सगळे झाले. उष्णता वाढली म्हणून गुलकंद झाला, सब्जा झाला, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या, दातांच्या डॉक्टरांकडून औषधी गुळण्या झाल्या. चार महिने गेले. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये बहुसंख्य रुग्णांना पहिली जखम तोंडातच होते आणि अनेक महिने ती तिथेच राहते. परंतु तोंडात भरलेला फोड कोणाला सहसा दिसत नाही. त्याचे आवरण इतके पातळ असते की घास फिरवतानाच ते फाटते. दिसते ती फक्त ओली, लाल, दुखरी जागा. फोडांच्या आजारात फोडच न दिसणे, ही या आजाराची पहिली वक्रोक्ती.

दिवाळीच्या सुमारास छातीवर, पाठीवर आणि केसांच्या कडेला फोड आले. ते टणक नव्हते. सैल, अर्धवट भरलेले, बोट लागताच बाजूला सरकणारे होते. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते पाहिले आणि मग फोडाकडे न पाहता शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर अंगठा ठेवून हलकासा दाब देत तो पुढे सरकवला. वरचा पदर अंगठ्याबरोबर सरकला. ही खूण प्योत्र निकोल्स्की या रशियन त्वचारोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये वर्णिली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. यंत्र नाही, रसायन नाही, फक्त अंगठा. त्या एका क्षणात मला कळले की पुढे कितीतरी दिवस आईला जवळ घेताना मला विचार करावा लागणार आहे. ज्या आजारात स्पर्श हीच निदानाची रीत आणि स्पर्श हेच जखमेचे कारण, त्या आजारात माया कशी करायची, हा प्रश्न तिथे उभा राहिला.

निदान पक्के करण्यासाठी त्वचेचे दोन तुकडे घेतले गेले. एक ताज्या फोडाच्या कडेचा. तो फॉर्मॅलिनमध्ये गेला. दुसरा मात्र फोडापासून किंचित दूर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते अशा जागेचा. तो फॉर्मॅलिनमध्ये घालत नाहीत. त्याचे वेगळे द्रावण असते आणि पुढे तो गोठवून त्याचे पातळ काप करतात. चांगल्या त्वचेला कशाला सुरी लावायची, असे आईने विचारले. उत्तर असे की फोड जिथे आधीच फुटला आहे तिथे सूज, पू, झीज यांची इतकी गर्दी होते की मूळ कारण पुसले जाते. ते कारण शाबूत सापडते ते शेजारच्या, अजून न फाटलेल्या त्वचेत. साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट ओळखीची वाटावी. संहितेतील ताण जिथे उघड स्फोट होतो तिथे नव्हे, तर त्याच्या अलीकडच्या, वरवर शांत ओळींत वाचायचा असतो.

अहवाल इंग्रजीत आला. मी तो घरी तीनतीनदा वाचला. त्यातील एक शब्द होता अॅकॅन्थोलायसिस. 'अकान्था' म्हणजे काटा आणि 'लायसिस' म्हणजे सुटणे. हाइनरिक आउस्पिट्झ या व्हिएन्नाच्या वैद्याने १८८१ मध्ये तो रूढ केला आणि पेम्फिगसमध्ये नेमके हेच घडते हे आशिल सिवात या फ्रेंच तज्ज्ञाने १९४३ मध्ये दाखवून दिले. काट्याचा संबंध असा. बाह्यत्वचेचा जो मधला जाड थर आहे, त्याला काटेरी थर म्हणतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशींच्या कडेने बारीक काटे दिसतात. हे काटे काचपट्टीसाठी ऊतक तयार करताना उमटतात. पेशी आकसतात, परंतु शेजारच्या पेशीशी त्या ज्या बिंदूंवर जोडलेल्या असतात ते बिंदू सुटत नाहीत, ताणले जातात. म्हणजे ज्यांना काटे म्हटले ते वास्तविक एकमेकींचे घट्ट धरलेले हात आहेत. अॅकॅन्थोलायसिस म्हणजे हे हात सुटणे. हात सुटलेली पेशी मग गोल होते आणि फोडाच्या पाण्यात एकटी तरंगू लागते.

अहवालातली दुसरी ओळ अधिक अवघड होती. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये बाह्यत्वचा तळाशी दुभंगते, पण अगदी तळाशी नाही. सर्वांत खालची पेशींची एक ओळ तळपटलाला चिकटून राहते आणि तिच्या लगेच वर पोकळी होते. या खालच्या पेशींचे शेजारणींशी आणि वरच्यांशी असलेले बंध सुटतात. तळपटलाशी असलेला बंध मात्र वेगळ्या प्रकारचा असल्याने तो टिकतो. त्यामुळे त्या एकेकट्या, किंचित अंतर राखून, ताठ उभ्या राहिलेल्या दिसतात. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत या दृश्याला एक ठरलेली उपमा आहे: थडग्यांची रांग. अहवालातही तीच होती. आईने विचारले, "काय लिहिलंय त्यात?" त्या प्रश्नाकडे मी पुढे येईन.

दुसऱ्या तुकड्याचे चित्र निराळे असते. पहिल्याला हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांचे रंग देतात, निळाजांभळा आणि गुलाबी. त्यातल्या इओसिनचे नाव 'इओस' या ग्रीक शब्दावरून आले आहे. इओस म्हणजे पहाट, आपल्या ऋग्वेदातल्या उषेची भाषिक सख्खी बहीण. दुसऱ्या तुकड्यावर मात्र चकाकणाऱ्या रंगद्रव्याची जोड दिलेली प्रतिपिंडे सोडतात. काळोख्या खोलीत, विशिष्ट प्रकाशात, पेशींच्या कडाकडांनी एक हिरवे जाळे उजळते. त्याला मासे पकडण्याच्या जाळ्याची उपमा देतात. रुग्णालयातल्या एका निवासी डॉक्टर मुलीने ते मला पडद्यावर दाखवले. ते फार सुंदर होते, आणि सुंदर वाटल्याबद्दल मला काही क्षण अवघडल्यासारखे झाले. जिथे जिथे आईच्या पेशींनी एकमेकींना धरले होते, तिथे तिथे हिरवी रेघ होती. म्हणजे तिथे तिथे तिच्याच रक्तातील प्रतिपिंडे येऊन बसली होती.

ही प्रतिपिंडे अशा रुग्णांच्या रक्तात असतात हे १९६४ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी दाखवले. ती नेमकी कशाला चिकटतात हे कळायला आणखी सत्तावीस वर्षे गेली. १९९१ मध्ये मासायुकी अमागाई, जॉन स्टॅन्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथिन ओळखले. आज त्याला डेस्मोग्लीन ३ म्हणतात. 'डेस्मॉस' म्हणजे बंध. त्याचा जुळा भाऊ डेस्मोग्लीन १. तोंडाच्या आतल्या अस्तरात मुख्य भार पहिल्यावर असतो. अंगावरच्या त्वचेत तळाकडच्या थरांत तो असतो आणि वरच्या थरांत दुसऱ्याचे प्राबल्य असते. एक निकामी झाला तर जिथे दुसरा पुरेसा आहे तिथे तो ओझे पेलून धरतो. म्हणून केवळ तिसऱ्या क्रमांकाविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर जखमा मुख्यतः तोंडात राहतात. दोहोंविरुद्ध असतील तर अंगावरही फोड येतात. आणि केवळ पहिल्या क्रमांकाविरुद्ध असतील तर तोंड शाबूत राहून अंगावरचा अगदी वरचा पदर सोलवटतो. या शेवटच्या प्रकाराला पेम्फिगस फोलिएशियस म्हणतात. आईच्या आजाराने चार महिने तोंडात का काढले आणि मग छातीवर का आला, याचा सर्वांत संभाव्य अर्थ या दोन भावांच्या हिशेबात आहे.

फोलिएशियसचाच एक प्रकार ब्राझीलच्या ग्रामीण भागात स्थानिक साथीसारखा आढळतो. एकाच कुटुंबात अनेकांना होतो. तिथल्या लोकांनी त्याला पोर्तुगीजमध्ये दिलेले नाव आहे 'फोगो सेल्व्हाजेम', म्हणजे रानटी आग. मराठीला त्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही. 'वणवा' हा शब्द आहेच. ज्यांच्या अंगाची लाही होते त्यांनी ठेवलेले नाव आणि सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांनी ठेवलेले नाव, या दोहोंत किती अंतर असते ते येथे कळते.

दर आठवड्याच्या ओपीडीच्या रांगेत आमची एका वृद्ध गृहस्थांशी ओळख झाली. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांच्या मांड्यांवर आणि पोटावर लिंबाएवढे टणक फोड होते, गच्च भरलेले, आणि ते दोनदोन दिवस फुटत नसत. त्यांच्या तोंडात काही नव्हते, पण फोड येण्याआधी कित्येक आठवडे त्यांना भयंकर खाज होती आणि अंगावर गांधी उठत होत्या. हा बुलस पेम्फिगॉइड. १९५३ पर्यंत या दोघांना बहुधा एकाच नावाखाली घातले जाई. त्या वर्षी बॉस्टनच्या वॉल्टर लीव्हर यांनी ऊतकाच्या पुराव्यावर त्यांना वेगळे काढले. पेम्फिगॉइडमध्ये पेशी एकमेकींना सोडत नाहीत. संपूर्ण बाह्यत्वचाच अखंडपणे तळपटलाकडून उचलली जाते. तिथे प्रतिपिंडे रोखलेली असतात ती बाह्यत्वचेला तळाशी डकवणाऱ्या प्रथिनांवर. त्यामुळे चकाकीच्या चित्रात जाळे दिसत नाही. बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्या सीमेवर एक सरळ हिरवी रेघ दिसते. फोडाच्या पोकळीत इओसिनोफिल नावाच्या पेशी गर्दी करतात. इओसिनचा रंग आवडीने घेणाऱ्या म्हणून ते नाव. पहाटेवर प्रेम करणाऱ्या, असे शब्दशः म्हणावे लागेल.

हा सगळा भेद मी आईला सांगू पाहत होते तेव्हा तिने तो माझ्यापेक्षा नेमका सांगितला. जन्मभर भाकरी भाजलेली बाई ती. म्हणाली, "म्हणजे माझा पापुद्रा पातळ सुटलाय, आन् त्यांचा जाड. पातळ पापुद्रा लगेच फाटतो, जाड टम्म फुगून ऱ्हातो." याहून अचूक विवरण मी आजवर वाचलेले नाही. फोड सैल की टणक, हे तो किती मोठा आहे यावर ठरत नाही. छप्पर किती जाड आहे यावर ठरते, आणि छप्पर किती जाड हे भेग कोणत्या पातळीवर गेली यावर. बाहेरून दिसणारे रूप आणि आतली रचना यांचा इतका थेट संबंध वैद्यकात क्वचितच सापडत असेल.

पातळीचे हे शास्त्र पुढे फार बारीक होत जाते. एपिडर्मोलायसिस बुलोसा अॅक्विझिटा या दुर्मीळ आजारात प्रतिपिंडे सातव्या प्रकारच्या कोलॅजेनवर, म्हणजे तळपटलाखालच्या नांगरांवर बसतात. चकाकीत रेघ मात्र पेम्फिगॉइडसारखीच सरळ दिसते. दोघांना वेगळे करण्यासाठी निरोगी त्वचेचा तुकडा तीव्र मिठाच्या पाण्यात ठेवून तळपटलातच दुभंगवतात आणि रुग्णाची प्रतिपिंडे छताला चिकटतात की जमिनीला, हे पाहतात. छताला चिकटली तर बहुधा पेम्फिगॉइड, जमिनीला चिकटली तर हा. लुई ड्यूरिंग यांनी १८८४ मध्ये वर्णिलेल्या डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिसमध्ये तर मूळ आतड्यात असते. गव्हातील ग्लुटेनशी त्याचे वैर. कोपर, गुडघे, नितंब यांवर खाजरे पुंजके येतात, अंतस्त्वचेच्या उंचवट्यांच्या शेंड्यांवर आयजीए प्रतिपिंडांचे कण साचतात आणि रुग्णाने खाजवून खाजवून फोड आधीच फोडलेले असल्याने डॉक्टरांसमोर येतात ते केवळ ओरखडे.

आता भाषेकडे येते. पहिल्याच दिवशी घाईत असलेल्या एका डॉक्टरांनी आईला सांगितले, "मावशी, तुमचंच शरीर तुमच्यावर उलटलंय." वाक्य चुकीचे नव्हते. समजावे म्हणून सोपे केलेले होते. पण आईच्या मनात ते रुतले. रात्री ती म्हणाली, "मी कुणाचं काय वाकडं केलं म्हणून माझंच रगत माझ्यावर उठलं?" स्वप्रतिकार या कल्पनेभोवती सगळीकडे युद्धाची आणि फितुरीची भाषा आहे. आपलेच सैन्य, आपलाच किल्ला, घरभेदी. शरीर स्वतःविरुद्ध विष निर्माण करणार नाही, या तत्त्वाला पाउल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' हे जे नाव दिले, त्यातही एक नैतिक शहारा आहेच. आजारांना रूपकांपासून सोडवावे, असा आग्रह सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ च्या 'इलनेस अॅज मेटाफर' या पुस्तकात धरला. आपल्यापैकी अनेकांनी तो वर्गात शिकवला आहे. परंतु ज्या समाजात आजाराचा हिशेब पूर्वकर्माशी घातला जातो, तिथे फितुरीचे रूपक ऐकणाऱ्यापर्यंत शास्त्र म्हणून पोहोचत नाही. निकाल म्हणून पोहोचते. आईने शरीर उलटल्याचे ऐकले आणि आपण दोषी ठरलो असे समजली.

या निकालाला शेजारपाजारने दुजोरा दिला. कोणी नागीण म्हटले, कोणी देवीचा कोप. एका नातेवाइकांनी आमच्याकडचा चहा सौजन्याने नाकारला, तो पुढे वर्षभर. वास्तविक पेम्फिगस स्पर्शाने, भांड्याने, श्वासाने कोणालाही होत नाही. ही भीती येते कुठून, याचा माग काढताना मी शब्दांपाशीच पोचले. चरकाने क्षुद्र कुष्ठांच्या यादीत 'विस्फोटक' घातला आहे, पातळ त्वचेचे फोड असलेला. तो म्हणजे आजचा पेम्फिगस असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मुद्दा 'कुष्ठ' या शब्दाचा आहे. आयुर्वेदात तो जवळजवळ सर्व त्वचाविकारांचा छत्रशब्द होता. पुढे मराठीत त्याचा अर्थ आक्रसत एकाच रोगापुरता उरला आणि त्या रोगाला मिळालेली सगळी दूषणे त्याने पोटात घेतली. अर्थ संकोचला तरी भीतीचा परीघ मात्र जुनाच राहिला. त्वचेवर काहीही उठले की समाज आजही त्या परिघात उभा राहून पाहतो.

म्हणून "काय लिहिलंय त्यात?" या आईच्या प्रश्नाला थडग्यांची रांग हे उत्तर देणे मला शक्य नव्हते. हे कोणाला लपवाछपवी वाटेल. मला तो अनुवादाचा प्रश्न वाटला. रूपकाचा अनुवाद करताना शब्द उतरवायचा की त्यामागचे दृश्य, हा वाद आपण नेहमी करतो. इथे मी तिसरा प्रश्न विचारला: मुळात ही उपमा दृश्याला न्याय देते काय? थडगे मेलेल्याचे असते. त्या रांगेतल्या पेशी जिवंत आहेत. इतकेच नव्हे, तर संपूर्ण बाह्यत्वचा ज्यांच्या विभाजनातून तयार होते त्या याच पेशी. त्यांनी जमीन सोडलेली नाही. म्हणूनच पेम्फिगस व्हल्गॅरिसच्या जखमा, संसर्गाने बिघडल्या नाहीत तर, व्रण न ठेवता भरतात. काही काळ काळसर डाग तेवढे राहतात. उपमा आकाराला खरी आहे, अर्थाला खोटी.

आमचे गाव कृष्णाकाठचे, उसाचे. मी आईला म्हटले, "ऊस तोडून नेल्यावर रानात बुडखे उभे असतात ना, तसं दिसतंय म्हणे." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे खोडवा फुटंल." ऊसकरी घरात खोडवा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. लावणीचा ऊस तुटल्यावर, नवे बेणे न लावता, त्याच बुडख्यांतून जे दुसरे पीक येते ते. त्या एका शब्दात तिने आपले निदान आपल्या हाती घेतले. मला असे म्हणायचे नाही की शब्दाने आजार बरा होतो. औषधानेच तो आटोक्यात येतो. पण 'शरीर उलटले' आणि 'हात सुटलेत, मूळ शाबूत आहे' या दोन वाक्यांखाली झोपणाऱ्या दोन रुग्णांच्या रात्री सारख्या नसतात. आणि दुसरे वाक्य सांत्वनासाठी घडवलेले नाही. ते ऊतकाच्या काचपट्टीवरच लिहिलेले आहे.

आजार ऐन भरात असताना ती तीन आठवडे वॉर्डात होती. पाठ सगळी ओली झालेली. चादर अंगाला चिकटे आणि ओढली की आणखी सालपट निघे. सिस्टरांनी केळीची पाने मागवली. धुऊन, निर्जंतुक करून ती गादीवर अंथरली आणि आईला त्यांवर निजवले. पानाच्या मेणचट पृष्ठाला जखम चिकटत नाही. आपल्याकडच्या रुग्णालयांत हा स्वस्त आणि गुणकारी उपाय बराच रुळलेला आहे. पूजेत, पंगतीत पाहिलेले ते पान तिथे अंथरूण झाले. तोंडातल्या जखमांमुळे भाकरी बंद, तिखट बंद. गुरगुट्या भात ताकात कालवून, गार करून, चमचा ओठाला न लागू देता भरवावा लागे. कुशीवर वळवताना तिला कुठे धरायचे हे आधी पाहावे लागे. हात पानाखाली घालायचा, पान उचलायचे, आईला नव्हे. माया म्हणजे हात लावणे, हे आपले इतके गृहीत आहे की हात आवरण्याची माया वेगळी शिकावी लागते. तिचाही एक तालमीचा काळ असतो.

उपचारांचा इतिहास फार जुना नाही. १९५० च्या दशकात कॉर्टिकोस्टेरॉइड हाती येईपर्यंत या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. उघड्या अंगातून पाणी आणि प्रथिने झिरपून जात, जंतू आत शिरत. स्टेरॉइडने प्राण वाचले, पण त्याची किंमत वाढलेली साखर, ठिसूळ हाडे, संसर्ग या रूपाने मोजावी लागली. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा आणि सहकाऱ्यांनी डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फामाइड यांची शिरेतून ठरावीक अंतराने द्यायची 'पल्स' पद्धत विकसित केली. भारतातील असंख्य रुग्ण तिच्यावर जगले. आईला आधी प्रेडनिसोलोन आणि अॅझाथायोप्रिन मिळाले. तिचा चेहरा गोल झाला. डॉक्टर त्याला 'मून फेस' म्हणतात. आपल्या काव्यपरंपरेत चंद्रमुखी ही स्तुती. इथे तीच उपमा दुष्परिणामाची नोंद झाली. २०१९ मध्ये आजार उलटला तेव्हा पंधरा दिवसांच्या अंतराने रिटुक्सिमॅबच्या दोन मात्रा दिल्या. हे औषध प्रतिपिंडे घडवणाऱ्या पेशींच्या पूर्वज बी-पेशींना काही महिन्यांपुरते रक्तातून नाहीसे करते. फ्रान्समधील एका चाचणीत स्टेरॉइडच्या थोड्या काळच्या मात्रेबरोबर ते सुरुवातीलाच दिले तर अधिक रुग्ण औषधमुक्त होतात, असे २०१७ मध्ये दिसून आले आणि २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली.

गेली काही वर्षे आई गोळ्यांवाचून आहे. छातीवरचे डाग फिकट झाले आहेत. ती तिखट खाते, भाकरीही खाते, आणि कडक कडा मात्र बाजूला काढून ठेवते. ती 'बरी झाली' असे डॉक्टर म्हणत नाहीत; ते 'रेमिशन' म्हणतात. आजार आत कुठेतरी असू शकतो, परतू शकतो, आज मात्र नाही, इतक्या सगळ्याला सामावणारा तो शब्द. मी बराच काळ त्याला मराठी प्रतिशब्द शोधत होते. परिभाषेच्या वाटेने जे सापडले ते सगळे जडजंबाळ होते. मग एकदा फोनवर कोणाशी तरी बोलताना आई म्हणाली, "बरं हाय म्हणायचं, उतार पडलाय." ज्वराला उतार, पुराला उतार. पाणी ओसरते, नदी जागीच असते. नदीकाठच्या माणसांना या शब्दात फसवणूक वाटत नाही आणि निराशाही वाटत नाही. काठावरच्या खुणेकडे अधूनमधून नजर टाकत ती आपापली कामे करीत राहतात.